कान्सेई अभियांत्रिकी

कान्सेई अभियांत्रिकी (जपानी: कान्सेई कोगाकू) ही उत्पादनांच्या रचनेची एक पद्धत आहे. एखादी वस्तू पाहताना, हाताळताना आणि जवळ बाळगताना माणसाच्या मनात ज्या संवेदना व भावना उमटतात त्या शब्दरूपाने गोळा करणे, त्यांचे मापन करणे आणि त्यांची सांगड वस्तूच्या लांबी, वजन, रंग, पोत, आवाज अशा मोजता येण्याजोग्या गुणधर्मांशी घालणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. जपानमधील हिरोशिमा विद्यापीठाचे प्राध्यापक मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला. माझदा कंपनीच्या १९८९ मधील एमएक्स-५ या मोटारीमुळे ती जपानबाहेर परिचित झाली.

वस्तू टिकाऊ असावी, सुरक्षित असावी आणि वापरायला सोपी असावी, या अपेक्षा औद्योगिक उत्पादनात पूर्वीपासून मान्य होत्या. वस्तू वापरताना व बाळगताना आनंद वाटावा ही अपेक्षाही नवी नव्हती. मात्र तो आनंद रचनाकाराच्या प्रतिभेवर किंवा योगायोगावर सोपवलेला असे. तो पद्धतशीरपणे मोजून घडवता येतो, हा कान्सेई अभियांत्रिकीचा मूळ दावा आहे. हा दावा कितपत खरा ठरला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

संज्ञा

‘कान्सेई’ हा जपानी शब्द दोन चित्राक्षरांनी बनलेला आहे. पहिल्याचा अर्थ जाणवणे किंवा भावणे, तर दुसऱ्याचा अर्थ स्वभाव किंवा अंगचा गुण असा होतो. इमान्युएल कान्ट यांच्या ग्रंथांच्या जपानी अनुवादांत इंद्रियांद्वारे ग्रहण करण्याच्या शक्तीसाठी हाच शब्द योजला जातो. तर्काने जाणणाऱ्या बुद्धीला जपानीत ‘चिसेई’ म्हणतात, आणि कान्सेई ही तिच्या जोडीची शक्ती मानली जाते.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. ‘भावना’ म्हटले तर इंद्रियांचा भाग सुटतो, ‘संवेदना’ म्हटले तर आवडीनिवडीचा भाग सुटतो, आणि ‘रसिकता’ हा शब्द कलेच्या आस्वादाकडे झुकतो. नवे भांडे हातात घेताच त्याचे वजन, थंडपणा, काठाची गोलाई आणि टिचकी मारल्यावर येणारा आवाज या सर्वांचा मिळून मनावर जो एकच ठसा उमटतो, तो ग्रहण करणारी शक्ती म्हणजे कान्सेई, असे ढोबळपणे म्हणता येईल. त्यामुळे पुढील विवेचनात मूळ शब्दच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

नागामाची हे मूळचे मानसशास्त्राचे अभ्यासक होते आणि नंतर ते अभियांत्रिकी विद्याशाखेत श्रमशास्त्राकडे, म्हणजेच माणूस व यंत्र यांच्यातील जुळणीच्या शास्त्राकडे वळले. श्रमशास्त्र तोपर्यंत मुख्यतः त्रास कमी करण्याचा विचार करी. खुर्चीने पाठ दुखू नये, कळ दाबताना चूक होऊ नये, दिवसभर काम करून डोळे शिणू नयेत, असे त्याचे प्रश्न होते. त्रास नसणे आणि सुख असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नागामाचींच्या कामामागील साधे पण महत्त्वाचे निरीक्षण होते.

या कामासाठी लागणारी दोन साधने आधीच तयार होती. पहिले अमेरिकेतून आले. चार्ल्स ऑसगुड, जॉर्ज सूसी व पर्सी टॅननबाउम यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शब्दार्थ मोजण्याची एक पद्धत मांडली होती. तीत ‘जड–हलका’, ‘चांगला–वाईट’, ‘चपळ–संथ’ अशा परस्परविरोधी विशेषणांच्या जोड्या सात पायऱ्यांच्या पट्टीच्या दोन टोकांना ठेवल्या जातात आणि एखादी कल्पना त्या पट्टीवर कोठे बसते हे लोकांना विचारले जाते. दुसरे साधन जपानमधीलच होते. संख्याशास्त्रज्ञ चिकिओ हायाशी यांनी रंग, आकार, व्यवसाय अशा ज्या गोष्टी आकड्यांत मांडता येत नाहीत त्यांनाही गणितात सामावून घेणारी ‘परिमाणन’ पद्धत विकसित केली होती. पहिल्या साधनाने भावनेला आकडा मिळाला, तर दुसऱ्याने वस्तूच्या रूपाला.

नागामाची प्रारंभी आपल्या कामाला ‘भावना-अभियांत्रिकी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. ‘कान्सेई अभियांत्रिकी’ हे नाव जाहीरपणे प्रथम वापरण्याचे श्रेय माझदाचे तत्कालीन अध्यक्ष केनिची यामामोतो यांना दिले जाते. त्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील व्याख्यानात ते वापरले. यामामोतो स्वतः अभियंते होते आणि माझदाच्या रोटरी इंजिनाच्या विकासाचे प्रमुख म्हणून त्यांचा लौकिक होता. १९७३ च्या तेलसंकटात इंधन जास्त पिणारे हे इंजिन कंपनीवर उलटले आणि माझदा आर्थिक अडचणीत सापडली होती. मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी किंमत व उत्पादनसंख्या यांत बरोबरी करणे अशक्य असलेल्या कंपनीला वेगळे काही देणे भाग होते. कंपनी व विद्यापीठ दोन्ही हिरोशिमातच असल्याने परस्परसंपर्क सोपा होता.

कार्यपद्धती

पद्धतीचे टप्पे समजून घेण्यासाठी मनगटी घड्याळाचे कल्पित उदाहरण घेता येईल.

प्रथम घड्याळ कोणासाठी आहे हे ठरवले जाते. त्यानंतर त्या वर्गातील लोक घड्याळांविषयी बोलताना कोणते शब्द वापरतात ते टिपले जाते. यासाठी दुकानातील संभाषणे, मासिके, जाहिराती, ग्राहकांच्या तक्रारी व मुलाखती असे मिळतील ते सर्व स्रोत चालतात. ‘नाजूक’, ‘भारदस्त’, ‘पोरकट’, ‘साधे’, ‘ऐटबाज’, ‘विश्वासाचे’ अशा शब्दांची यादी काही शेकड्यांवर सहज जाते. या शब्दांना कान्सेई शब्द म्हणतात. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र करून यादी काही डझनांवर आणली जाते.

दुसरीकडे बाजारातील घड्याळांचे नमुने जमवून त्यांचे विघटन केले जाते. तबकडीचा आकार, तबकडीचा रंग, कडेची जाडी, आकड्यांचे वळण व पट्ट्याचे साहित्य हे ‘घटक’ होत. गोल, चौकोनी किंवा अष्टकोनी या तबकडीच्या आकाराच्या ‘कोटी’ झाल्या. अशा रीतीने प्रत्येक नमुना म्हणजे घटक व कोटी यांचा एक विशिष्ट संच, असे मानले जाते.

मग निवडलेल्या व्यक्तींसमोर एकेक नमुना ठेवून प्रत्येक कान्सेई शब्दाच्या पट्टीवर, बहुधा पाच किंवा सात पायऱ्यांवर, त्यांचे मत घेतले जाते. जमलेल्या मतांवर सांख्यिकी प्रक्रिया केली की दोन प्रकारची माहिती हाती येते. एखाद्या भावनेत कोणत्या घटकाचा वाटा किती, ही पहिली. त्या घटकातील कोणती कोटी त्या भावनेला पोषक व कोणती मारक, ही दुसरी. उदाहरणार्थ, ‘भारदस्त’ वाटण्यात तबकडीच्या रंगापेक्षा कडेच्या जाडीचा वाटा अधिक आहे, असे त्यातून दिसू शकते.

येथे एक अडचण नेहमी उद्भवते. बाजारातील जाड कडेची सर्व घड्याळे काळ्या रंगाचीही असतील, तर भारदस्तपणा कडेमुळे आला की रंगामुळे, हे गणिताला सांगता येत नाही. त्यासाठी बाजारात नसलेले नमुनेही मुद्दाम तयार करावे लागतात. छायाचित्रे किंवा संगणकावरील प्रतिमा वापरून हा खर्च वाचवला जातो. परंतु चित्रातील घड्याळाला वजन नसते, आणि ते मनगटावर गारही लागत नाही. अनेक अभ्यास या टप्प्यावर नकळत केवळ डोळ्यांपुरते मर्यादित होतात.

शेवटी निष्कर्षांनुसार नवा नमुना घडवून तो पुन्हा लोकांसमोर ठेवला जातो आणि अपेक्षित भावना खरोखर उमटते का, हे तपासले जाते. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाचे सायमन शुट्टे यांनी २००० च्या दशकात या सर्व टप्प्यांची जी सुसूत्र मांडणी केली, तीत पडताळणीला स्वतंत्र स्थान आहे. तिच्याशिवाय उरते ती केवळ आधी असलेल्या वस्तूंविषयीची आकडेवारी.

या प्रक्रियेची संगणकीय रूपेही तयार झाली. त्यांत शब्द दिल्यावर रचना सुचवणारी ‘पुढची’ दिशा आणि रचना दिल्यावर ती कोणती भावना जागवील हे सांगणारी ‘मागची’ दिशा, अशा दोन दिशा असतात. नागामाची व सहकाऱ्यांनी घरांची अंतर्गत रचना आणि पोशाख यांसाठी अशा प्रणाली बांधल्या होत्या.

माझदा एमएक्स-५

कान्सेई अभियांत्रिकीचे सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण म्हणजे माझदाची एमएक्स-५ ही उघड्या टपाची, दोन आसनी मोटार. अमेरिकेत ती मियाटा आणि जपानमध्ये प्रारंभी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. १.६ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ११५ अश्वशक्ती आणि एक टनाच्या आतले वजन हे तिचे मूळ आकडे होते. क्रीडामोटारीच्या मानाने ही शक्ती सामान्यच होती. तरीही ती चालवणाऱ्यांनी तिच्याविषयी जे प्रेम दाखवले ते तिच्याहून कितीतरी वेगवान मोटारींच्याही वाट्याला आले नाही.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी साऱ्या कामासाठी ‘जिन्बा इत्ताई’ हे एकच सूत्र ठेवले होते. याचा अर्थ घोडा व स्वार यांचे एकरूप होणे असा आहे. धावत्या घोड्यावरून बाण सोडण्याच्या याबुसामे या जपानी परंपरेशी ही कल्पना जोडली जाते. धनुर्धराचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असल्याने घोड्याला त्याचे मन शरीराच्या हालचालीवरूनच कळावे लागते.

सूत्र कितीही सुंदर असले तरी त्यावरून कारखान्यात सुटा भाग बनत नाही. म्हणून त्याची फोड करण्यात आली. नागामाचींच्या वर्णनानुसार, तरुण चालकांच्या वागण्याचे निरीक्षण करून ‘माणूस व यंत्र यांचे ऐक्य’ या शून्य पातळीवरील कल्पनेचे चार भाग पाडले गेले: अंगाभोवती घट्ट बसल्याची भावना, थेटपणाची भावना, वेगाची भावना आणि मोटारीशी संवाद होत असल्याची भावना. प्रत्येक भावना पुढे आणखी खालच्या पातळीवर नेत शेवटी मोजमापांपर्यंत आणली गेली.

घट्टपणाच्या भावनेतून मोटारीची लांबी ठरली. मोटार फार लांब झाली तर ती अंगावर ल्यायल्यासारखी वाटत नाही, आणि फार आखूड झाली तर खेळणे वाटते. त्यामुळे लांबी चार मीटरच्या किंचित आत ठेवण्यात आली. थेटपणाच्या भावनेतून गिअर बदलण्याच्या दांड्याची लांबी ठरली. वेगवेगळ्या लांबीचे दांडे चालकांना वापरायला देऊन त्यांची मते घेतली असता ९.५ सेंटीमीटरचा दांडा सर्वांत समाधानकारक ठरला. मनगटाच्या छोट्याशा हालचालीत गिअर पडतो, हे या मोटारीचे वैशिष्ट्य पुढे जगभरच्या समीक्षकांनी वाखाणले.

याच भावनेसाठी यांत्रिक रचनेतही काही निर्णय घेतले गेले. गिअरपेटी आणि मागच्या चाकांकडील डिफरन्शियल यांना एका ताठ सांगाड्याने थेट जोडण्यात आले, त्यामुळे पेडल दाबणे आणि मोटारीने पुढे झेपावणे यांमधील ढिलाई कमी झाली. इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवून पुढच्या व मागच्या चाकांवरील भार जवळपास समान करण्यात आला. वेगाच्या भावनेसाठी धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा आवाज जुळवण्यात आला. कायद्याने आवाजाची पातळी मर्यादित असते, पण आवाजाचा पोत मर्यादित नसतो. खर्जाकडे झुकणारा, इंजिनाच्या गतीबरोबर चढणारा स्वर मिळवण्यावर अभियंत्यांनी मेहनत घेतली. मोटार प्रत्यक्षात किती वेगाने जाते आणि चालकाला ती किती वेगाने जात असल्यासारखी वाटते, यांतील फरक ज्या प्रकल्पाने इतक्या मोकळेपणाने मान्य केला, असे प्रकल्प त्या काळी विरळ होते.

एमएक्स-५ ची संपूर्ण कथा मात्र कान्सेई तक्त्यांत मावत नाही. हलक्या क्रीडामोटारीची कल्पना १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने यामामोतो यांच्याशी झालेल्या संभाषणात मांडली होती, आणि हॉल पुढे माझदाच्याच कॅलिफोर्नियातील केंद्रात रुजू झाले. लोटस एलान यांसारख्या १९६० च्या दशकातील ब्रिटिश मोटारींचे आकर्षण या कामामागे होते. म्हणजे काय हवे याचे उत्तर काही माणसांच्या आवडीतून आले होते. ते किती सेंटीमीटरचे असावे याचे उत्तर मापनातून आले. दोन आसनी क्रीडामोटारींत सर्वाधिक विक्रीचा गिनीज विक्रम २००० मध्ये या मोटारीच्या नावे नोंदला गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. ‘जिन्बा इत्ताई’ हे शब्द माझदा आजही वापरते.

इतर उपयोग

नागामाचींनी आपल्या लेखनात दिलेल्या इतर उदाहरणांपैकी शार्प कंपनीचा १९९२ मधील व्ह्यूकॅम हा चलचित्र-कॅमेरा उल्लेखनीय आहे. तोपर्यंत असे कॅमेरे डोळ्याला लावून वापरावे लागत, म्हणजे मुलाचा वाढदिवस टिपणारा पालक त्या वाढदिवसाला एका काळ्या छिद्रातून हजर असे. व्ह्यूकॅमला मोठा द्रवस्फटिक पडदा देण्यात आला आणि कॅमेरा चेहऱ्यापासून दूर धरून दृश्य पाहता येऊ लागले. वाकोल या कंपनीची अंतर्वस्त्रे, तसेच घरगुती उपकरणे, सौंदर्यप्रसाधने व वेष्टने या क्षेत्रांतही पद्धतीचा उपयोग झाला. १९९५ मध्ये नागामाचींचा या विषयावरील इंग्रजी शोधनिबंध औद्योगिक श्रमशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९९८ मध्ये जपानमध्ये कान्सेई अभियांत्रिकीची स्वतंत्र विद्वत्संस्था स्थापन झाली.

यांतील बहुतेक यशकथा पद्धतीच्या प्रवर्तकांनी स्वतः सांगितलेल्या आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एखादे उत्पादन खपले यावरून त्याच्या यशात मापनाचा वाटा किती होता, हे वेगळे काढता येत नाही.

भाषेचा प्रश्न

पद्धतीचा सारा डोलारा विशेषणांवर उभा असल्याने ती ज्या भाषेत राबवली जाते त्या भाषेशी बांधलेली असते. जपानी यादीचे भाषांतर करून दुसऱ्या देशात अभ्यास केल्यास भलतेच मोजले जाण्याचा धोका असतो.

जपानी भाषेत ध्वनी व स्पर्श यांचे अनुकरण करणाऱ्या शब्दांचे मोठे भांडार आहे. कोरडा, सुळसुळीत स्पर्श ‘सारासारा’, हवेने फुगल्यासारखा मऊपणा ‘फुवाफुवा’, गुळगुळीत निसरडेपणा ‘त्सुरुत्सुरु’. कापड, कागद, त्वचेवर लावायची मलमे यांच्या पोताच्या अभ्यासात जपानी संशोधक हे शब्द थेट वापरतात. त्यांचे इंग्रजीत भाषांतर करणे जड जाते. मराठी याबाबतीत जपानीच्या अधिक जवळ आहे. खरखरीत, बुळबुळीत, लुसलुशीत, चरचरीत, गुळगुळीत, भुसभुशीत, खणखणीत हे शब्द अर्थ सांगण्याआधी स्पर्श किंवा आवाज पोहोचवतात. ‘गुळगुळीत’ आणि ‘बुळबुळीत’ यांतील फरक मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही, पण एक स्तुती आहे आणि दुसरी तक्रार.

दुसरी अडचण अशी की विशेषणे सर्व वस्तूंना सारखी लागू पडत नाहीत. मराठीत घर टुमदार असते, मूर्ती सुबक असते, भांडे घाटदार असते, कापड तलम असते आणि कपाट भारदस्त असते. तलम कपाट किंवा टुमदार घड्याळ असे कोणी म्हणत नाही. ‘घाटदार’ या शब्दात तर भांडी घडवणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पारख साठलेली आहे. पोट, गळा व काठ यांचे परस्परप्रमाण जमले म्हणजे घाट जमला, आणि घाट जमलेले भांडे कडेवर वा हातात नीट बसते. ‘आकर्षक’, ‘आधुनिक’, ‘दर्जेदार’ असे जाहिरातींतले शब्द घेऊन प्रश्नावली तयार केली, तर उत्तर देणाऱ्याला आकडा लिहिता येतो, पण त्या आकड्यामागे काही जाणवलेले असतेच असे नाही.

शब्दांची ही अडचण टाळण्याचे प्रयत्न झाले आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील पीटर डेस्मेट यांनी विकसित केलेल्या साधनात शब्दांऐवजी हलत्या व्यंगचित्रांतील पात्र वेगवेगळ्या भावना अभिनयाने दाखवते आणि पाहणाऱ्याने आपल्या मनाशी जुळणारे चित्र निवडायचे असते. मेंदूतील विद्युतलहरी, हृदयाची गती व डोळ्यांची हालचाल यांवरूनही मापन केले जाते. उत्तेजना किती आहे हे त्यावरून बरेचसे कळते. ती उत्तेजना आनंदाची की वैतागाची, हे सांगण्यासाठी बहुधा पुन्हा शब्दांकडेच यावे लागते.

टीका व मर्यादा

पहिला आक्षेप सरासरीवर आहे. निम्म्या लोकांना एखादी वस्तू अतिशय आवडली आणि निम्म्यांना अजिबात आवडली नाही, तर सरासरीत ती ‘बरी’ ठरते. प्रत्यक्षात ती बरी आहे असे कोणीच म्हटलेले नसते. उत्तरांचे गट पाडून हा दोष कमी करता येतो, परंतु मुळात कोणाला विचारले हा प्रश्न उरतो. तरुण, शहरी व खरेदीक्षम लोकांनाच विचारले, तर ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तींच्या हाताला काय सुखावते ते तक्त्यात येतच नाही.

दुसरा आक्षेप नवनिर्मितीविषयी आहे. पद्धत आधी असलेल्या नमुन्यांचे घटक सुटे करून त्यांची नवी जुळणी सुचवते. ज्या घटकाचा नमुनाच नाही, त्याच्याविषयी ती मौन बाळगते. व्ह्यूकॅमचा पडदा हा एखाद्या कोटीला मिळालेल्या गुणांतून आलेला नव्हता. लोक काय करू पाहतात हे कोणीतरी आधी ओळखले होते.

सर्वांत गंभीर आक्षेप काळाचा आहे. नमुना पाहून पट्टीवर खूण करायला काही सेकंद लागतात, तर वस्तू बाळगली जाते अनेक वर्षे. पहिल्या दर्शनाचा प्रभाव किती फसवा असू शकतो हे मासाआकी कुरोसू व काओरी काशिमुरा यांनी १९९५ मध्ये जपानमध्ये केलेल्या प्रयोगातून दिसले. बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरील कळांच्या २६ मांडण्या त्यांनी २५२ लोकांना दाखवल्या. दिसायला सुंदर असलेल्या मांडण्या वापरायलाही सोप्या असतील असे लोकांना वाटले. मांडणी प्रत्यक्षात सोयीची असण्याशी त्या मताचा संबंध क्षीण होता. इस्रायलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तेथील लोकांत सौंदर्याचा हा प्रभाव कमी असेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण तो उलट अधिक आढळला.

दीर्घकाळच्या अनुभवाचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत. इव्हँजेलोस कारापानोस व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयफोन घेणाऱ्या सहा व्यक्तींचा खरेदीपूर्वीच्या एका आठवड्यापासून खरेदीनंतरच्या चार आठवड्यांपर्यंत मागोवा घेतला. सुरुवातीच्या दिवसांत नावीन्य व शिकण्यातील सुलभता यांना महत्त्व होते, पुढे ती वस्तू दिनक्रमात कशी बसते आणि स्वतःविषयी काय सांगते याला महत्त्व आले. सहा ही संख्या लहान आहे, पण निरीक्षण ओळखीचे आहे. दुकानात चकाकणारा पृष्ठभाग वर्षभरात ओरखड्यांनी भरतो. तांब्या-पितळेची भांडी, कातडे आणि लाकूड वापराने वेगळे, कित्येकदा अधिक देखणे होतात. पहिल्या दर्शनी घेतलेल्या गुणांत हा फरक कोठेच दिसत नाही.

याला नैतिक बाजूही आहे. मोजून घडवलेला आनंद हा वापरणाऱ्यासाठी असतो की विक्रीसाठी, हे पद्धत ठरवत नाही. मोटारीचा दांडा हाताला सुखावणे आणि गरज नसलेली वस्तू घ्यावीशी वाटणे, या दोन्हींचे मापन एकाच पट्टीने होते.

समांतर विचार

पाश्चात्त्य देशांत हाच विषय काहीशा वेगळ्या वाटेने पुढे आला. लायोनेल टायगर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये सुखाचे शारीरिक, सामाजिक, मानसिक व वैचारिक असे चार प्रकार मांडले होते. पॅट्रिक जॉर्डन यांनी २००० मधील ग्रंथात ते वस्तूंच्या रचनेला लावून दाखवले. लेखणीची पकड हे शारीरिक सुख, तिच्याविषयी कोणी विचारणे हे सामाजिक, काम सुरळीत पार पडणे हे मानसिक, आणि ती आपल्या मूल्यांशी जुळणारी असणे हे वैचारिक, असे या वर्गीकरणाचे स्वरूप सांगता येईल. डोनाल्ड नॉर्मन यांनी २००४ मध्ये भावनिक रचनेवरील ग्रंथात दर्शनाचा, वापराचा आणि मागाहून होणाऱ्या चिंतनाचा असे तीन स्तर सांगितले. हे दोघेही मूलतः वर्गीकरण देतात. दांडा किती सेंटीमीटरचा असावा हे त्यांच्या ग्रंथांतून कळत नाही. कान्सेई अभियांत्रिकीचे वेगळेपण त्या सेंटीमीटरातच आहे.

भारतीय संदर्भ

भारतात औद्योगिक डिझाइनचे शिक्षण अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक डिझाइन केंद्र (१९६९) यांमधून रुजले. अहमदाबादच्या संस्थेची पार्श्वभूमी असलेला अहवाल चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केला होता. त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वोत्तम म्हणून लोट्याची, म्हणजेच तांब्याच्या प्रकारच्या पाण्याच्या भांड्याची निवड केली आणि तो नव्याने रचायचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल याची एक लांब यादी दिली.

ही यादी कान्सेई अभियांत्रिकीच्या आधीची असली तरी तिच्याशी तिचे साम्य लक्षणीय आहे. हाताचा आकार, डोक्यावर वा कडेवर नेण्याची रीत, भरलेला व रिकामा असतानाचा तोल, ओतताना पाण्याची धार आणि आतून घासण्याची सोय यांचा तीत समावेश आहे. डोळे मिटून व उघडून स्पर्श कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटल्यास किंवा दगडावर ठेवल्यास आवाज कसा येतो, मोडीत घातल्यास किती मोल येईल, हेही तीत आहे. लोटा आपल्या मालकीचा असणे, तो विकणे आणि तो दुसऱ्याला देणे यांत काय वाटते, हे प्रश्नही यादीत आहेत. ईम्स यांच्या मते हा लोटा कोणा एका माणसाने रचलेला नव्हता. अनेक पिढ्यांतील अनेकांनी त्यातील नकोसे काढून टाकत आणि हवेसे राखत तो घडवला होता. कान्सेई अभियांत्रिकीचे तक्ते हेच काम काही महिन्यांत करू पाहतात, पण यादीतील शेवटच्या तीन प्रश्नांसाठी अद्याप त्यांत स्तंभ नाही.